टॉवरची फेरमोजणी

सुभेदार भालचंद्र शेडगे यांनी सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आणला, तेव्हा लोकांनी त्यांना घरी येऊन पेढे दिले होते. हे २००३ सालचं. नोएडाच्या त्या सेक्टरमध्ये तेव्हा रस्ते आखलेले होते, प्रत्येक चौकाला नंबर होता, नव्या इमारती चढत होत्या, पण खिशातल्या फोनला रेंज म्हणून नव्हती. बी ब्लॉकच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी तेवढी थोडी मिळायची. संध्याकाळी माणसं तिथे रांग लावून बोलत, आणि एकाच्या घरातलं भांडण अख्ख्या सोसायटीला तोंडपाठ होई.

शेडगे सातारा जिल्ह्यातले. हयात फौजेत, सिग्नल्समध्ये, वायरलेसवर गेलेली. निवृत्तीनंतर मुलगा दिल्लीला नोकरीला म्हणून इथे फ्लॅट घेतला. वर्षभरात मुलगा सिंगापूरला गेला आणि म्हातारा-म्हातारी नोएडात राहिली. फौजी माणूस दिसला की सोसायट्या त्याला सेक्रेटरी करून टाकतात, तसं यांनाही केलं. टॉवर कंपनीची माणसं जागा बघायला आली तेव्हा यांनी हातातल्या काठीनं गच्चीवर खूण करून सांगितलं, ‘‘यहाँ खड़ा करो.’’ कंपनीनं तिथेच उभा केला. भाड्यातून लिफ्टचा खर्च निघू लागला, फोन खणखणू लागले, आणि सुभेदारांची मान दोन इंच वर गेली.

पुढे वारं फिरलं. टीव्हीवर रोज संध्याकाळी कुणीतरी सांगू लागलं की टॉवरमुळे चिमण्या गेल्या, मधमाश्या गेल्या, आता माणसांची पाळी. पेढे देणारेच गेटपाशी घोळका करून वर बघू लागले. गंमत अशी, की वर बघून झालं की हीच मंडळी फोन काढून त्याच टॉवरवरून एकमेकांना टॉवरच्या बातम्या पाठवत. २०१२ साली सरकारनं टॉवरच्या लहरींची मर्यादा एकदम दहा पटीनं खाली आणली, तेव्हा तर लोकांची खात्रीच पटली. काहीतरी असल्याशिवाय सरकार हलतं का, असं म्हणू लागले.

सुभेदार असल्या बोलण्याला भीक घालत नव्हते. पण त्याच वर्षी उन्हाळ्यात पूर्वी आजारी पडली.

पूर्वी म्हणजे समोरच्या सी ब्लॉकमधल्या अशोक आणि साधनाची मुलगी, आठ वर्षांची. अशोक आयटीत, पुण्याहून इथे आलेला. साधना घरून भाषांतराची कामं करी. सोसायटीत मराठी घरं मोजकी, त्यामुळे दोन घरांत भाजीच्या वाट्या सतत इकडून तिकडे फिरत. पूर्वी तर शाळेतून आली की दप्तर टाकून सुभेदारांकडे कॅरम खेळायला हजर. खेळताना चिडायची, सोंगट्या लपवायची, आणि पकडली गेली की ‘‘आजोबा, तुम्ही चीटिंग करता यार,’’ असं उलट त्यांनाच सुनवायची. नातवंडं सिंगापूरला, सुभेदारांचा सगळा जीव या पोरीत होता.

जूनमध्ये तिला ताप येऊ लागला, तो उतरेना. दिल्लीतल्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कॅन्सर निघाला.

बातमी कळल्या कळल्या सुभेदार चपला घालून समोर गेले. दार साधनानं उघडलं. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. आणि हे दारातच उभे राहून म्हणाले, ‘‘साधना, हे टॉवरमुळे नाही हं. मी सिग्नल्सचा माणूस आहे, मला माहीत आहे. लोक काहीही बोलतील, तू ऐकू नकोस.’’

पोर हॉस्पिटलात, आई दारात, आणि हा बाबा अँटेनाची वकिली करतोय! पण माणूस घाबरला की असंच करतो, आणि सुभेदार फार घाबरले होते. साधना ‘‘बरं, काका’’ एवढंच म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

त्यानंतर वाट्या फिरायच्या बंद झाल्या. लिफ्टपाशी गाठ पडली तर ती मान हलवून पुढे जाई. सुभेदारांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की ही मला दोषी धरते. आणि खरं सांगायचं तर दोषी ते स्वतःच स्वतःला धरत होते. टॉवर ज्या इमारतीवर असतो तिच्या खालच्या घरांना त्याचा फारसा त्रास नसतो, अँटेनाचा झोत समोर जातो, हे त्यांच्याइतकं सोसायटीत कुणाला कळत होतं? आणि समोर काय होतं? सी ब्लॉकचा सर्वांत वरचा मजला. पूर्वीच्या खोलीची गॅलरी. काठीनं खूण केली त्या दिवशी सी ब्लॉक बांधून व्हायचा होता, हे खरं. पण नकाशा तर त्यांनी पाहिला होता. मी या पोरीला आजारी पाडलं का? हा प्रश्न त्यांना जेवू देईना.

त्यांच्या पत्नी सुमित्राबाई आठवड्यातून दोनदा समोर जात. पूर्वी घरी असली तर तिच्यापाशी बसत, हॉस्पिटलात असली तर डबा पाठवत. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, एकदा जाऊन बसा ना तिच्याजवळ. पोरगी विचारते.’’

‘‘जाईन. आधी मोजमाप होऊ दे. रिपोर्ट हातात आला की जाईन.’’

‘‘रिपोर्ट घेऊन कशाला जायला हवं? पाय घेऊन जा.’’

पण सुभेदारांना हातात कागद हवा होता. त्यांनी दूरसंचार खात्याकडे टॉवरच्या लहरी मोजून मिळाव्यात म्हणून रीतसर अर्ज केला. यथावकाश तारीख मिळाली.

आता इथे सुभेदारांमधला फौजी जागा झाला. पलटणीत साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, यायचा म्हटलं की काय चालतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच माहीत. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागतो, तुटकी खुर्ची कुठल्यातरी तंबूत जाऊन लपते, आजारी शिपाईसुद्धा त्या दिवशी ताठ उभा राहतो. सुभेदारांनी असे कितीतरी मुआयने पार पाडले होते आणि एकाही साहेबाला नाव ठेवायला जागा दिली नव्हती. तारीख कळताच त्यांनी बी ब्लॉकची गच्ची धुऊन घेतली. टॉवरच्या पायाशी गंज दिसत होता तिथे रंग मारवला. गेटपासून जिन्यापर्यंत चुन्याच्या रेघा ओढवल्या. वॉचमनला इस्त्रीचे कपडे घालायला लावले. आणि टॉवर कंपनीचा टेक्निशियन राजवीर जनरेटरमध्ये डिझेल भरायला आला, तेव्हा त्याला बाजूला घेऊन बजावलं, ‘‘देखो राजवीर, परसों इंस्पेक्शन है. सरकारी मॅडम आ रही हैं. सब टिप-टॉप चाहिए. एक भी शिकायत नहीं निकलनी चाहिए, समझे?’’

‘‘बिल्कुल, साब. आप टेन्शन मत लो,’’ राजवीर म्हणाला.

ठरल्या दिवशी सकाळी खात्याच्या इंजिनियर आल्या. तिशीतली बाई, सुती कुर्ता, पाठीवर सॅक, हातात लांबट पेटी. गेटवर सुभेदारांचं मराठी वळणाचं हिंदी ऐकून हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘काका, मराठीत बोला. मी प्रज्ञा वानखडे, नागपूरची. इथे दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला सरकारी क्वार्टर आहे आमचं.’’

सुभेदारांना एकदम बळ आलं. चुन्याच्या रेघांवरून त्यांना वर घेऊन जाताना ते म्हणाले, ‘‘सगळी तयारी आहे, मॅडम.’’

‘‘कसली तयारी?’’ प्रज्ञानं रेघांकडे पाहत विचारलं, पण तेवढ्यात लिफ्ट आली आणि तो विषय राहून गेला.

पेटीतून मीटर निघालं. हातात मावेल असा डबा, वर दांडा, दांड्याच्या टोकाला पांढरा गोळा. गच्चीवर मोजलं, जिन्यात मोजलं, खाली मुलांच्या झोपाळ्यापाशी मोजलं. मग प्रज्ञानंच टॉवरकडे पाठ करून समोर बोट दाखवलं, ‘‘तिथे मोजायला हवं. झोत तिकडे जातोय.’’

दार अशोकनं उघडलं. साधना आत होती, ती गॅलरीपाशी येऊन उभी राहिली. पूर्वी त्या दिवशी हॉस्पिटलात होती. प्रज्ञानं सगळ्यांचे फोन बंद करून बाहेरच्या खोलीत ठेवायला सांगितले, वायफायचा डबा बंद केला, गॅलरीत मीटर तिकाटण्यावर चढवलं आणि म्हणाली, ‘‘आता सहा मिनिटं कुणी मध्ये येऊ नका. त्याची सरासरी घ्यायची असते.’’

ती सहा मिनिटं सुभेदार भिंतीला टेकून उभे होते. मीटरकडे बघायचा धीर होईना म्हणून वाळत घातलेल्या छोट्या फ्रॉककडे बघत राहिले, आणि ते तर आणखीच कठीण गेलं.

‘‘अगदीच कमी आहे,’’ प्रज्ञा म्हणाली. ‘‘मर्यादेच्या जवळपाससुद्धा नाही. एवढ्या जवळ इतकं कमी येत नाही सहसा.’’

अशोकनं सुभेदारांचा हात हातात घेऊन दाबला. निघताना साधनानं विचारलं, ‘‘काका, चहा घेणार?’’ चार महिन्यांत पहिल्यांदा. सुभेदारांना रडूच येणार होतं. ‘‘नंतर येतो, मॅडमना सोडून येतो,’’ असं पुटपुटत ते जिन्यानंच खाली उतरले. त्या दुपारी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता सुमित्राबाई म्हणाल्या, ‘‘चला, आज फोनला सुबुद्धी झाली. काल दिवसभर कराडला ताईला लावत होते, दर दोन वाक्यांनी तुटत होता. एवढा टॉवर डोक्यावर घेऊन बसलोय, आणि ही तऱ्हा!’’

‘‘काल?’’ सुभेदारांनी पेपर खाली ठेवला.

‘‘काल म्हणजे कालच. परवापर्यंत ठीक होता, आजही ठीक आहे.’’

दुसरा कुणी असता तर हो हो म्हणून पुन्हा पेपरात शिरला असता. पण आयुष्यभर वायरलेसच्या सेटपाशी बसलेल्या माणसाला एवढं पुरेसं होतं. त्यांनी स्वतःचा फोन काढून पाहिला. रेंज पूर्ण. चहा तसाच टाकून ते गच्चीवर गेले. राजवीर बॅटऱ्या तपासत होता.

‘‘राजवीर, कल टॉवर में कुछ किया था क्या?’’

राजवीरच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. ‘‘साब, आपने ही तो बोला था, इंस्पेक्शन है, शिकायत नहीं निकलनी चाहिए. मैंने कंट्रोल रूम में एक दोस्त को बोलके पावर डाउन करवा दी. मॅडम के जाने के बाद फिर नॉर्मल. रीडिंग मस्त आई ना?’’

सुभेदार टाकीच्या कठड्यावर बसले. त्याला रागवायचं कुठल्या तोंडानं? त्यानं तेच केलं होतं जे यांनी जन्मभर केलं होतं आणि हाताखालच्यांना शिकवलं होतं. साहेबाला जे दाखवायचं ते दाखवलं, साहेब गेला की सगळं पूर्ववत. राजवीर हा गुणी शिपाई निघाला, एवढंच. आणि साधनानं विचारलेला तो चहा या लबाडीच्या जोरावर मिळत होता.

घरी येऊन त्यांनी सुमित्राबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, ‘‘आता काय करणार?’’

‘‘गप्प बसलो तर कुणाला कळणार नाही.’’

‘‘नाही कळणार.’’

‘‘साधना बोलायला लागलीय.’’

‘‘हो.’’

‘‘पण मला अजून माहीत नाही, गं,’’ सुभेदार म्हणाले आणि त्यांचा आवाज फाटला. ‘‘मी त्या पोरीचं वाईट केलं की नाही, हे मला अजूनही माहीत नाही.’’

त्याच दिवशी ते बस आणि मेट्रो करत प्रज्ञाच्या ऑफिसात पोचले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग चांगलंच फैलावर घेतलं. ‘‘काका, कंपनीच्या माणसाला आधी सांगायचं नसतं, हे तुम्हाला सांगायला हवं? मलाही तेव्हाच संशय यायला हवा होता. चुन्याच्या रेघा काय, रंग काय! मी लग्नाला आले होते का?’’

‘‘चुकलं, मॅडम.’’

‘‘कंपनीला नोटीस जाईल, ते मी बघते. फेरमोजणी करायची, पण कधी ते तुम्हालाही सांगणार नाही.’’

‘‘नका सांगू,’’ सुभेदार अगदी मनापासून म्हणाले.

आता उरलं होतं सगळ्यांत अवघड काम. संध्याकाळी ते सी ब्लॉकमध्ये गेले, बेल वाजवली आणि दारातच उभं राहून साधनाला सांगितलं, की कालचा आकडा खोटा आहे, पॉवर कमी केलेली होती, आणि त्याला कारण मीच. एका दमात सांगितलं, नाहीतर सांगता आलं नसतं. साधना चौकटीला हात लावून ऐकत होती. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

‘‘बरं,’’ ती म्हणाली. ‘‘पुन्हा मोजायचं असेल तर मोजा. पण पूर्वी उद्या घरी येतेय. तिला उठवायचं नाही.’’ आणि दार लागलं.

पंधरवड्यानंतर एका सकाळी प्रज्ञा न सांगता आली. थेट सी ब्लॉकमध्ये गेली, आणि तिथून तिनं सुभेदारांना बोलावून घेतलं. या वेळी चुना नव्हता, वॉचमनच्या शर्टाचं एक बटण तुटलेलं होतं, आणि सुभेदार घरातल्या पायजम्यावरच धावत आले. अशोक ऑफिसला गेला होता. पूर्वी आतल्या खोलीत झोपलेली होती. तिच्या खोलीचं गॅलरीकडचं दार अर्धवट लोटून घेऊन प्रज्ञानं गॅलरीत मीटर लावलं. फोन बाहेर गेले. पुन्हा तीच सहा मिनिटं. या वेळी सुभेदारांनी नजर हटवली नाही. आकडा चढत होता, उतरत होता, पुन्हा चढत होता.

‘‘मागच्यापेक्षा बराच जास्त आहे,’’ प्रज्ञा म्हणाली. ‘‘पण मर्यादेच्या विसाव्या हिश्श्याच्याही खाली. आज पॉवर पूर्ण आहे, ते मी येताना तपासून घेतलंय. गर्दीच्या वेळी आणखी थोडा चढेल, तो हिशेब धरूनही नियमात बसतो.’’

सुभेदारांनी डोळे मिटले. आता छातीवरचा दगड उतरेल म्हणून ते वाट बघत राहिले. मग न राहवून विचारलं, ‘‘म्हणजे मॅडम, पूर्वीचं जे झालं ते यामुळे नाही. असंच ना?’’

प्रज्ञानं मीटर बंद केलं. साधनाकडे एकदा पाहिलं. ‘‘काका, हे मीटर एवढंच सांगतं की इथल्या लहरी ठरलेल्या मर्यादेत आहेत. कुणाला काय कशामुळे झालं, हे ते सांगत नाही. डॉक्टरांनाही बहुतेक वेळा सांगता येत नाही. मी खोटा दिलासा देणार नाही तुम्हाला.’’

आटोपलं. एवढ्या खटपटीनंतर सुभेदारांच्या हाती जे यायचं ते हे आलं. त्यांना निर्दोष सुटका हवी होती आणि ती कुठलंच खातं देत नव्हतं. प्रज्ञा सामान आवरून निघून गेली. सुभेदार गॅलरीत तसेच उभे राहिले. समोर त्यांचा टॉवर होता.

‘‘तुला हवा असेल तर टॉवर काढून टाकायचा ठराव आणतो,’’ ते म्हणाले. ‘‘आकडा काहीही असो.’’

‘‘काका,’’ साधना म्हणाली. ‘‘मी कधी म्हटलं तुम्हाला, टॉवरमुळे झालं म्हणून? एकदा तरी? मी गूगलवर सगळं वाचून बसलेय. मला माहीत आहे, कशामुळे झालं ते कुणालाच माहीत नाही.’’

‘‘मग तू बोलणं का बंद केलंस?’’

‘‘तुम्ही जूनपासून तीन वेळा या घरात आलात. पहिल्यांदा सांगायला आलात की टॉवरमुळे नाही. मग मोजायला आलात. मग सांगायला आलात की मोजमाप चुकलं. एकदाही विचारलं नाहीत, पूर्वी कशी आहे. माझं जाऊ द्या. ती रोज विचारायची, आजोबा का येत नाहीत. मी काय सांगणार होते तिला? आजोबा मीटरची वाट बघताहेत?’’

बाईच्या बोलण्यातला एक शब्द खोटा नव्हता. चार महिने ते त्या पोरीच्या नावानं तळमळले होते, आणि त्या तळमळीत ती पोर कुठेच नव्हती. होते ते फक्त ते स्वतः आणि त्यांचा गुन्हा. याची त्यांना अशी लाज वाटली, की परत जावंसं वाटलं, आणि याही वेळी परत गेलो तर पुन्हा कधी येणार नाही, हेही त्यांना कळलं.

‘‘कशी आहे ती?’’ त्यांनी विचारलं.

साधनानं पदरानं नाक पुसलं. ‘‘तोंड आलंय. काही खाववत नाही. केस गेले सगळे. काल चिडून माझ्या हातातला चमचा फेकून दिला.’’ ती किंचित हसली. ‘‘जागी आहे. आपण बोलतोय ते ऐकतेय केव्हाची.’’

सुभेदारांनी दार ढकललं. पलंगावर पूर्वी उशीला टेकून बसली होती. डोक्याला निळा रुमाल, हात काड्यांसारखे, डोळे मात्र तेच, लबाड. तिनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

‘‘आजोबा, इतने दिन कहाँ थे?’’

खोटं सांगायला शंभर कारणं होती. ‘‘घाबरलो होतो,’’ सुभेदार म्हणाले.

‘‘फौजी घाबरतात?’’

‘‘घाबरतात. फार घाबरतात.’’

‘‘मला पण भीती वाटते. सुई लावतात ना, तेव्हा. और रात को.’’ तिनं थोडा विचार केला. ‘‘आता गेली तुमची भीती?’’

‘‘नाही,’’ सुभेदार म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं ते त्यांनी पुसलंही नाही.

पूर्वीनं पलंगावर जरा सरकून कडेला जागा केली. ‘‘मग इथे बसा,’’ ती म्हणाली.